‘धरगुती मालवणी जेवण’ : देवबाग रस्त्यावरच्या एका बोर्डाचं पोस्टमॉर्टम

तारकर्लीहून देवबागला जाणारा रस्ता ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरं आणि बोर्डच बोर्ड. होमस्टे, स्कूबा, डॉल्फिन, जेवण, परत होमस्टे. या गर्दीत एका काकींची खानावळ आहे, मागे राहायला खोल्या. जेवणाला नावं ठेवायला जागा नाही. तक्रार एकच, गाड्या पुढे निघून जातात. फोनवर बुकिंग केलेली माणसंसुद्धा दारासमोरून पास होऊन थेट देवबागच्या टोकाला, जिथे जमीन संपते तिथे पोचतात आणि तिथून फोन करतात की काकी तुमचं कुठे आहे. त्यात पुण्याच्या एका ग्रुपने बोर्डाचा फोटो काढून स्टेटसला टाकला, खाली लिहिलं ‘धरगुती म्हणजे काय असतं हो’, आणि तो फोटो फिरत फिरत काकींच्या झिलाकडे, म्हणजे मुलाकडे, आला.

माझं कुडाळला डिझाइन-प्रिंटिंगचं काम आहे. काकींची ऑर्डर सरळ होती: "झिला, बोर्ड मोठो कर. लोका फुडे जातत." आठ बाय चारचा फ्लेक्स होता, त्यांना बारा बाय सहा पाहिजे होता, वर एलईडी पट्टी. मी म्हटलं करू, पण आधी जुनी फाइल बघू दे. बोर्ड कुणी केला होता ते इथे महत्त्वाचं नाही, असे बोर्ड चौके ते मालवण रस्त्यावर दर फर्लांगाला दिसतात, आणि सगळ्यांचे आजार तेच असतात.

बोर्डावर काय होतं ते सांगतो. डावीकडचा तिसरा हिस्सा सुरमई थाळीच्या फोटोने खाल्लेला. उरलेल्या जागेत एका ओळीत ‘घरगुती मालवणी जेवण’, त्याखाली इंग्रजी कॅपिटलमध्ये सीफूड अँड रूम्स, त्याखाली बारीक अक्षरात सुरमई, पापलेट, तिसऱ्या, खेकडा, कोळंबी, शाकाहारीही मिळेल, आणि तळाला मोबाइल नंबर. लाल अक्षरं, त्याला पिवळी आउटलाइन, तिच्याबाहेर काळी आउटलाइन, मागे शॅडो, आणि त्याच्याही मागे निळा समुद्र. म्हणजे फाइल बनवणाऱ्याने मेहनत घेतली होती यात वाद नाही.

पहिला प्रश्न, घ चा ध कसा झाला. स्पेलिंग बरोबर होतं, फाइलमध्ये घ च टाइप केलेला. गडबड शिरोरेषेत होती.

आपण शाळेत शिरोरेषा शेवटी मारतो, सगळं लिहून झालं की वरून एक दांडी ओढायची, त्यामुळे ती म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची टोपी, असली तर असली असं वाटतं. पण घ आणि ध शेजारी लिहून बघा. घ ची रेषा डावीकडून उजवीकडे सलग जाते. ध ला डाव्या भागावर रेषाच नाही, तिथे वरती एक गाठ आहे आणि रेषा फक्त दंडाच्या, म्हणजे उभ्या रेघेच्या, डोक्यावर. म आणि भ चं तेच, म ला रेषा पूर्ण, भ ला तुटलेली. थ सुद्धा त्याच घरातला. म्हणजे रेषा कुठे *नाही* हीसुद्धा वाचणाऱ्याला दिलेली माहिती आहे, आणि ती माहिती तेव्हाच कळते जेव्हा बाकी सगळीकडे रेषा सलग असते.

आता या बोर्डावर अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं होतं. इंग्रजी कॅपिटलला अंतर वाढवलं की ऐटदार दिसतं, तीच सेटिंग मराठी ओळीला लागली आणि प्रत्येक अक्षरागणिक शिरोरेषा तुटली. घ र गु ती, चार तुकडे. एकदा सगळीकडेच फटी दिसायला लागल्या की डोळा फटीवर विश्वास ठेवायचं सोडतो, मग घ आणि ध मध्ये फरक करायला उरते ती फक्त डावीकडची छोटी गाठ. आणि ती गाठ, ती आहे की नाही हे बघायची जागा, पिवळ्या आउटलाइनने भरून टाकलेली. शिरोरेषेशिवाय लिपी चालत नाही असं अजिबात नाही, गुजराती बिनरेषेची मस्त चालते, पण तिची अक्षरं तशीच घडत गेली. आपल्या मोडीत तर उलटं, आधी पानभर ओळी आखून घ्यायच्या आणि मग अक्षरं खाली लिहीत जायचं. देवनागरी घ ला मात्र रेषा काढून घेतली की तो अर्धा मुका होतो.

दुसरी गोष्ट पोट. अक्षराच्या आतली जी मोकळी जागा असते, व ची वाटी, ण च्या दोन दंडांमधली फट, ळ चे दोन्ही गोल, ष च्या पोटातली तिरकी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूचे तुकडे. इंग्रजीत याला काउंटर म्हणतात, आपल्याकडे लेटरिंगवाले सरळ पोट म्हणतात. लांबून वाचताना आपण शाई वाचत नाही, ही पोटं वाचतो असं म्हटलं तरी चालेल. देवनागरीत एका अक्षराच्या उंचीत इंग्रजीपेक्षा जास्त आडव्या-तिरक्या रेषा एकावर एक बसवाव्या लागतात. झ बघा, ई बघा, क्ष बघा. त्यामुळे ‘बोल्ड कर म्हणजे दिसेल’ हा जो सल्ला सगळे देतात तो इंग्रजी ओ-ला जेवढा चालतो तेवढा देवनागरी ई-ला चालत नाही, जाडी वाढली की ती आतच वाढते आणि पोट बुजतं. इथे तर बोल्ड, वर आउटलाइन, वर शॅडो. खालच्या यादीतल्या ‘सुरमई’तली ई म्हणजे पन्नास फुटांवरून नुसता लाल डाग.

आणि फोटोने जागा खाल्ल्यामुळे मराठी ओळ ओढून-दाबून बसवलेली, माउसने कडेला धरून आत ढकललेली, जवळपास पाऊण पट रुंदीत. हा प्रकार मला सगळ्यात जास्त खुपतो. अक्षर आडवं दाबलं की दंड बारीक होतात, कारण त्यांची जाडी रुंदीत मोजली जाते, पण शिरोरेषेची जाडी उंचीत असते, ती आहे तेवढीच राहते. म्हणजे डिझायनरने ठरवलेलं दंड आणि रेषेचं नातं उलटं होतं, वर जाडजूड दांडी आणि खाली तिला लटकलेले काटकुळे पाय. अरुंद अक्षर हवं असेल तर अरुंदच बनवलेला फॉन्ट घ्यावा, नाहीतर शब्द कमी करावे.

ख बद्दल वेगळं सांगायला हवं. खाली यादीत ‘खेकडा’ होता आणि तो ‘रवेकडा’ वाचला जात होता. ख चे दोन भाग, डावीकडे र सारखा आणि उजवीकडे व सारखा, पूर्वी ते सुटे असायचे, म्हणून र आणि व शेजारी आले की घोळ व्हायचा. नंतर र च्या शेपटीला व च्या तळाशी नेऊन जोडलं तेव्हा हा घोळ मिटला. हा जोड पायाशी असतो, अक्षराच्या अगदी तळाला, आणि बोर्डावर तिथेच मोबाइल नंबरच्या पट्टीची वरची कड चढलेली. बारीक अक्षर, जोड झाकलेला, झाला रवेकडा. मालवणात ट्रॉलरवर नावं रंगवणारे एक जुने पेंटर आहेत, त्यांना मी हा फोटो दाखवला. ते म्हणाले, ख ची शेपटी मी जरा जास्तच खाली आणि जाड घेतो, होडी पाण्यात हलत असते, बघणारा लांब असतो. त्यांना बेसलाइन, म्हणजे अक्षरं जिच्यावर उभी असतात ती पायरेषा, हा शब्द माहीत नाही आणि गरजही नाही.

तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. या शब्दात मराठीला लागणारं एक खास चिन्ह आहे, ऱ्य मधला तो अर्धा र, पापणीसारखा आडवा. हिंदीला त्याची गरज पडत नाही, मराठीला पडते, कारण आपल्याकडे दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या, आणि देवबागला येणारा माणूस दर्या बघायला येतो. काकींच्या झिलाने यादी व्हॉट्सअॅपवर बरोबर टाइप करून पाठवली होती. दुकानात ती फोन-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमधून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट झाली आणि तिथे अर्ध्या र चा रफार होऊन ‘तिसर्या’ छापलं गेलं. लोक समजून घेतात, तिसऱ्या खायच्या असतील तर कशाही लिहा ते खातील, पण रफार वर गेला की दुसरीच अडचण येते, त्याला वरती जागा लागते, आणि वरती जागाच नव्हती.

इथे या प्रकरणाचा मुख्य मुद्दा येतो, तो आहे साइझचा. काकींचा झील म्हणाला, दादा, मराठी लहान का दिसतं, मी तर दोन्ही सारखं ठेवायला सांगितलेलं, नियमच आहे ना. नियम आहे खरा. दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनाही पाटी मराठीत, देवनागरीत लावायची आहे, मराठी आधी, आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. आणि फाइलमध्ये खरंच दोन्ही ओळी ७२० पॉइंटच्या होत्या. तरी बोर्डावर टेप लावून मोजलं तर इंग्रजी कॅपिटल सात इंच उंच आणि मराठी अक्षर, शिरोरेषेपासून पायापर्यंत, पाच इंच.

कुणी फसवलेलं नाही. पॉइंट साइझ अक्षराची उंची सांगतच नाही, ती त्या अदृश्य चौकटीची उंची आहे ज्यात फॉन्टची सगळी चिन्हं बसवायची असतात. खिळ्यांच्या छपाईत ही चौकट म्हणजे खरोखरचा धातूचा ठोकळा होता, आता ती फक्त आकड्यात आहे. ७२ पॉइंटचा एक इंच, म्हणजे ७२० ची चौकट दहा इंचांची. इंग्रजी कॅपिटल अक्षर पायरेषेवर उभं असतं आणि साधारण या चौकटीच्या ७० टक्के उंचीपर्यंत जातं, त्याला वर कोणी नाही, खाली कोणी नाही. मराठी अक्षराला त्याच दहा इंचांत डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, कधी कधी दोन-दोन एकदम, आणि पायाखाली उकार, ऋकार, जोडाक्षरातला खाली बसलेला र, हे सगळं घ्यायचं असतं. मग मधलं मूळ अक्षर लहान होणारच, किती ते फॉन्टवर. या बोर्डावर निम्मं होतं.

म्हणून देवनागरीच्या रेषा मोजताना निदान चार तरी धराव्या लागतात: वरची मात्रारेषा, मग शिरोरेषा, मग पायरेषा, मग खालची उकाररेषा. बापूराव नाईकांसारख्या अभ्यासकांनी याहून जास्त रेषांना नावं दिलीत, बोर्ड बनवणाऱ्याला चार पुरतात. आणि इंग्रजीशी तुलना करायची तर शिरोरेषा ते पायरेषा या उंचीची करायची, पॉइंटची नाही. आपण ‘साइझ सारखा’ म्हणतो तेव्हा डोळ्याला सारखा असं म्हणायचं असतं, मग मोजायचंही डोळा जे बघतो तेच. माझं तर मत आहे की मराठी जरा मोठंच ठेवावं, कारण वर सांगितलं तसं तिच्या पोटात गर्दी जास्त.

या दबलेल्या उंचीतही भर म्हणून दोन ओळींमधलं अंतर कमी केलेलं. ‘घरगुती’तल्या गु चा उकार खालच्या इंग्रजी ओळीच्या डोक्यात घुसलेला, आणि वर ‘जेवण’ची मात्रा फ्लेक्सच्या दुमडलेल्या कडेत फ्रेमला खिळे ठोकून अर्धी गायब. इंग्रजी ओळीला ते अंतर पुरेसं दिसतं म्हणून ऑपरेटरला शंका येत नाही.

आता रस्त्याचा हिशोब. त्या रस्त्यावर गाडी तीसच्या वर जात नाही, समोरून एसटी आली की तीही थांबते. तीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण सव्वाआठ मीटर. बोर्डवाल्यांचा एक ढोबळ हिशोब असतो, नीट वाचायला दर दहा फुटांना एक इंच अक्षर. पाच इंच म्हणजे पन्नास फूट, पंधरा मीटर, म्हणजे गाडीतल्या माणसाला दोन सेकंदही मिळत नाहीत, आणि तेवढ्यात त्याला वाचायचं, बायकोला विचारायचं आणि ब्रेक मारायचा. तोपर्यंत काकींचा माड मागे. आठ इंच केलं तर ऐंशी फूट, जवळपास तीन सेकंद. हा हिशोब इंग्रजी अक्षरांवरून आलेला आहे, तेव्हा मराठीत तो थोडा हात राखूनच धरायचा.

म्हणजे काकींचं म्हणणं चूक नव्हतं, अक्षर मोठं व्हायला हवंच होतं. पण त्यासाठी बोर्ड मोठा नको होता. बारा बाय सहावर तीच फाइल दीडपट केली असती तर अक्षर साडेसात इंच झालं असतं, पण ध तो ध च राहिला असता आणि बुजलेली पोटंही दीडपट बुजलेली. शिवाय सव्वादोनपट फ्लेक्स आणि पावसाळ्यातला वारा.

मग केलं काय. बोर्ड तोच, आठ बाय चार. थाळीचा फोटो काढला, यावर सगळ्यात जास्त वाद झाला, काकींना तो फोटो प्रिय, सुरमई त्यांनीच तळलेली. शेवटी तो गेटवर आतल्या बाजूला लावायचं ठरलं, जिथे माणूस उभा राहून बघतो. मेनूची यादीही गेटवर गेली. रस्त्यावरच्या बोर्डावर उरलं ‘घरगुती’ एका ओळीत, ‘मालवणी जेवण’ दुसऱ्या ओळीत, दोन्हीची शिरोरेषा ते पाय उंची आठ इंच, खाली ‘राहण्याची सोय’ आणि त्याचं इंग्रजी चार-चार इंचांत, नंबर, आणि बाण. बाण आधी नव्हताच, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दोन ओळी केल्यावर गु चा उकार खाली आला आणि खाली ‘मालवणी’ची वेलांटी वर येणार. सगळ्या बोर्डावर ओळीतलं अंतर वाढवण्यापेक्षा मी ‘घरगुती’ ओळ डावीउजवीकडे सरकवून बघितली, गु अशा जागी आणला की त्याच्या खाली वेलांटी नाही, नुसता ल येतो. फॉन्ट बदलून जे जमत नाही ते कधी कधी असं चार इंच सरकवून जमतं. दुसऱ्या ओळीत एकही उकार नाही, त्यामुळे तिच्या खाली जागा आपोआप सुटली. अशा गोष्टी आधी शब्द बघून ठरवायच्या, मजकूर बदलला की हे गणित परत करायचं.

फॉन्ट ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा ‘मुक्त’ घेतला, फुकट आणि खुल्या परवान्याचा आहे, सात वजनं, म्हणजे बारीक ते जाड असे सात प्रकार, मिळतात, त्यातलं सेमीबोल्ड. एक्स्ट्राबोल्डचा मोह झिलाला होता. त्याला दोन्ही प्रिंट काढून दाखवले: ए-थ्री कागदावर बोर्ड आठपट लहान, आणि ऐंशी फुटांऐवजी दहा फुटांवर उभं राहून, डोळे किलकिले करून बघायचं. एक्स्ट्राबोल्डमध्ये ण ची फट गेली, सेमीबोल्डमध्ये दिसली. ही टेस्ट कुणालाही करता येते आणि फ्लेक्स छापायच्या आधी करायची असते, नंतर नाही. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला मंगल बरीच वर्षं विंडोजच्या कॉम्प्युटरवर आयता मिळायचा म्हणून तो बोर्डावर लावणारेही आहेत, पण तो स्क्रीनवर बारीक साइझला वाचता यावा म्हणून घडवलेला, आठ इंचांचं काम त्याला सांगू नये.

ल चा एक प्रश्न आला. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि हिंदी वळणाचा दंडाचा ल, तसाच देठाचा श. २०२२ मध्ये शासनाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायचं परत स्पष्ट केलं. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही आकार आत असतात पण सॉफ्टवेअरला भाषा मराठी आहे असं सांगितलं नाही तर हिंदी वळणाचा समोर येतो. वाचायला कुणाचं अडत नाही, पण मालवणी जेवणाच्या पाटीवर ‘मालवणी’तला ल तरी आपला असावा.

अक्षरांमधलं अंतर शून्य, आउटलाइन नाही, शॅडो नाही, पांढऱ्यावर गडद निळं. लाल नको म्हटलं कारण इथल्या उन्हात लाल पहिलं उडतं, आणि काठाला चारी बाजूंनी चार इंच कोरी पट्टी, फ्रेमवर दुमडायला आणि मात्रा वाचवायला.

काकींनी पहिल्यांदा बघून तोंड वाकडं केलं. "ह्या शाळेच्या बोर्डासारख्या दिसता." खरं आहे, भडकपणा गेला. मग झिलाने त्यांना स्कूटरवर मागे बसवून रस्त्यावरून आणलं, दोन्ही दिशांनी. देवबागच्या टोकावरून येणारे फोन पूर्ण बंद झालेले नाहीत, काही लोक मॅपवर डोळे लावूनच येतात आणि मॅपवरची पिन थोडी पुढे पडलीय, ती दुरुस्त करणं वेगळं काम. पण बुकिंग नसलेल्या गाड्या थांबायला लागल्यात, आणि दुपारच्या भाताचा अंदाज चुकतो ही नवी तक्रार सुरू झालीय.

राहिलेली अडचण संध्याकाळची, पश्चिमेचं ऊन थेट फ्लेक्सवर येतं आणि एका दिशेने येणाऱ्याला नुसती चमक दिसते, पुढच्या सीझनला मॅट मटेरियल घ्यायचं आहे. गेटवरची यादी व्हिनाइल कटिंगमध्ये केली, तिथे तिसऱ्यातला अर्धा र बरोबर आला, ख चा जोडही शाबूत. पण व्हिनाइलमध्ये प्रत्येक सुटा तुकडा वेगळा चिकटतो, आणि अक्षरातला सगळ्यात छोटा सुटा तुकडा म्हणजे अनुस्वार. दंडाच्या जाडीपेक्षा थोडा मोठाच कापला होता तरी पहिल्या पावसात ‘कोळंबी’ची ‘कोळबी’ झाली. काकींनी तिथे मार्करने टिंब दिलंय, जरा जास्तच मोठं, त्यामुळे आता ‘कोळंबी’ यादीत सगळ्यात आधी वाचली जाते आणि बाकीच्यांपेक्षा जास्त खपते.